घरगुती ब्रेड मशीनमध्ये चांगला ब्रेड जमवणं

घरगुती ब्रेड मशीन म्हणजे पीठ मळणं, फुगवणं आणि भाजणं ही तिन्ही कामं एकाच भांड्यात उरकणारं विजेचं यंत्र. आत नॉनस्टिक भांडं, तळाला फिरणारं पातं, भोवती हीटिंग कॉइल आणि वेळा ठरवून दिलेला प्रोग्रॅम, बास. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मशीन्स जपानमध्ये आली. मात्सुशिता म्हणजे आताच्या पॅनासॉनिकच्या मशीनची गोष्ट मॅनेजमेंट शिकवणारे अजून सांगतात, की सुरुवातीच्या नमुन्यात ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा, मग इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या, तिथे त्यांना दिसलं की हा माणूस पीठ नुसतं मळत नाही, पीळ देत ताणतो, आणि त्यावरून मशीनच्या आतल्या बाजूला खास कंगोरे दिले गेले.

मशीन एवढं हुशार असूनही एक गोष्ट त्याला कळत नाही, ती म्हणजे आतलं पीठ कसं झालंय. बेसिक प्रोग्रॅम साधारण तीन ते चार तासांचा असतो आणि ठरलेल्या मिनिटाला भाजणी सुरू होते म्हणजे होतेच, पीठ फुगलेलं असो नाहीतर तसंच बसलेलं असो. हाताने करणारा माणूस अजून अर्धा तास थांबला असता, मशीन थांबत नाही. त्यामुळे जे काही सांभाळायचं ते आधी मापात आणि नंतर पहिल्या दहा मिनिटांत.

माप म्हणजे वजन. कपाने मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तोच कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम पीठ आणि दाबून भरला तर १५० च्या पुढे, आणि एवढा फरक मशीनला झेपत नाही. साध्या पांढऱ्या ब्रेडला ५०० ग्रॅम पिठाला ३०० ते ३२५ ग्रॅम पाणी, ८ ते १० ग्रॅम मीठ, साधारण ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आणि आवडीप्रमाणे चमचाभर साखर आणि तेल किंवा बटर. दूध, अंडं, दही घातलं तर तेही ओल्यात धरायचं, अंडं वरून जास्तीचं म्हणून टाकलं की गोळा सैल झालाच समजा. आणि पुस्तिकेत पिठाची जी कमाल मर्यादा दिलेली असते ती ओलांडायची नाही, उतू गेलेलं पीठ कॉइलवर जळतं आणि तो वास लवकर जात नाही.

मळणी सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण उघडून बघायचं (यावेळी उघडलं तर काही बिघडत नाही, शेवटच्या फुगवणीत आणि भाजताना मात्र उघडू नये). गोळा गुळगुळीत एकसंध असेल, भांड्याच्या कडा स्वच्छ सुटल्या असतील, तळाशी पात्यापाशी जरासा चिकटत असेल आणि बोट लावलं तर किंचित चिकट लागून सुटत असेल तर झालं काम. दोन-तीन तुकडे वेगळे फिरतायत, मोटर कुंथतेय असं वाटलं तर एक चमचा पाणी. कडेला लेप बसलाय आणि गोळा असा बनतच नाहीये तर एक चमचा पीठ. एकदम ओतायचं नाही, एक चमचा घालून दोन मिनिटं थांबायचं, पीठ पाणी प्यायला वेळ घेतं.

पिठात प्रोटीन किती यावर बरंच ठरतं. ब्रेडसाठीच्या पिठात ते १२-१३ टक्के असतं, साध्या मैद्यात कमी, म्हणून मैद्याचा ब्रेड कमी उंच आणि मऊसर येतो, त्यात चमचा-दोन चमचे ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रोटीन, ब्रेडला जाळी देणारं) घातलं तर सुधारतो. पूर्ण गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी जास्त ओढतो आणि ग्लुटेनच्या जाळीला कापतो, त्यामुळे पाणी वाढवायचं, होल व्हीट प्रोग्रॅम लावायचा, आणि सुरुवात तरी अर्धं-अर्धं करून करायची. शंभर टक्के गव्हाचा ब्रेड पांढऱ्याइतका हलका होईल ही अपेक्षाच ठेवू नये.

यीस्ट आधी की पाणी आधी यावर लोक वाद घालतात पण ते मशीनवर आहे, बहुतेकांत पाणी खाली आणि यीस्ट सगळ्यात वर, काहींत बरोब्बर उलटं. मुद्दा एवढाच की मळणी सुरू होईपर्यंत यीस्ट कोरडं राहिलं पाहिजे, विशेषतः रात्री टायमर लावून झोपायचं असेल तेव्हा. टायमरला ताजं दूध आणि अंडी नकोत, खराब होतात, दूध पावडर चालते.

ब्रेड मधोमध खाली बसला तर बहुतेक वेळा पाणी किंवा यीस्ट जास्त, नाहीतर मीठ विसरलंय, कारण मीठ यीस्टला लगाम घालतं. उन्हाळ्यात त्याच रेसिपीचा ब्रेड असा खाली बसतो कारण खोलीच गरम असते, तेव्हा फ्रिजचं पाणी घ्यायचं आणि यीस्ट पाव हिश्शाने कमी करायचं. ठोकळा झाला तर पाणी कमी पडलं किंवा यीस्ट जुनं, किंवा पाणी उकळतं घातलं, साधारण ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. दालचिनी थेट पिठात जास्त घातली तरी यीस्ट मंदावतं. मनुका, अक्रोड बीप वाजल्यावरच घालायचे, आधी घातले तर पातं त्यांचा चुरा करतं.

भाजून झालं की लगेच बाहेर काढायचा, कीप वॉर्मवर राहिला की वाफेने कड ओलसर आणि मऊ पडते. जाळीवर निदान तासभर गार होऊ द्यायचा, गरम कापला तर आतून चिकट लागतो आणि लोकांना वाटतं कच्चा राहिला. पातं अडकलं तर भांड्यात गरम पाणी भरून ठेवायचं, अख्खं भांडं मात्र पाण्यात बुडवायचं नाही, खालचा दांडा खराब होतो. पात्यामुळे ब्रेडच्या तळाला पडणारं भोक नको असेल तर शेवटच्या मळणीनंतर, फुगवणी सुरू व्हायच्या आधी ओल्या हाताने पातं काढून घ्यायचं, आणि तो चौकोनी आकारच आवडत नसेल तर नुसता डो प्रोग्रॅम (फक्त मळणं आणि फुगवणं) लावून पुढचं ओव्हनमध्ये करायचं, बरेच जुने वापरणारे शेवटी हेच करतात.