नोकरीला बांधलेला विमा

अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत भाजणी आणि लोणच्याबरोबर दोन गोष्टी हमखास असतात: मुक्काम संपेपर्यंत पुरतील एवढ्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि प्रवासी विम्याचा कागद. त्या कागदावर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की जुन्या दुखण्यांचा खर्च मिळणार नाही. म्हणजे धास्ती ज्याची, नेमकं तेच वगळलेलं. पाहुण्यांचं एक वेळ ठीक आहे. पण तिथे राहणाऱ्या, राबणाऱ्या लोकांतही २०२३ साली सुमारे २ कोटी ६० लाख जणांकडे वर्षभर कुठलाच आरोग्यविमा नव्हता. शंभरातले आठ. हे लोक कोण आणि ते बाहेर कसे राहिले, यावरून तिकडे अनेक दशकं भांडण चालू आहे.

सुरुवात डॅलसपासून करावी. १९२९ साली तिथल्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाची बिलं थकत होती. कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी शहरातल्या शाळांचे प्रमुख. थकबाकीदारांत त्यांना शिक्षकांची नावं दिसली. त्यांनी तोडगा काढला: शिक्षकांनी महिन्याला ५० सेंट भरायचे आणि गरज पडली तर २१ दिवस रुग्णालयात राहायचं, बिलाची चिंता नाही. पुढे देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’ या आरोग्यविमा योजनांचं मूळ इथे आहे. रुग्णाची सोय झाली हे खरं, पण रुग्णालयाची वसुलीही झाली. आणि शाळेत नोकरी असेल तरच ही सोय.

नोकरी आणि विमा यांची गाठ पक्की बसली ती दुसऱ्या महायुद्धात, जवळजवळ अपघातानं. ऑक्टोबर १९४२ मध्ये महागाई आवरण्यासाठी सरकारनं पगार गोठवले. तरणी माणसं आघाडीवर गेलेली, कारखान्यांना हात हवेत, पण पगार वाढवून कामगार ओढता येईनात. युद्धकाळातल्या श्रम मंडळानं विम्यासारखे लाभ पगारात धरायचे नाहीत असं ठरवलं. मालकांना वाट सापडली. पुढे १९५४ च्या करकायद्यानं मालकानं भरलेला हप्ता करमुक्त असल्याचं स्पष्ट केलं. शंभर डॉलर पगार म्हणून मिळाले तर त्यातून कर कापला जाणार, विमा म्हणून मिळाले तर पुरे शंभर. १९४० साली जेमतेम दहा टक्के लोकांकडे विमा होता, १९५० पर्यंत निम्म्या लोकांकडे आला. युद्ध संपलं, सवलत राहिली.

बाहेर राहिले ते शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, छोट्या दुकानांतले नोकर, बेकार आणि म्हातारे. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी संसदेकडे सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याची मागणी केली. डॉक्टरांची संघटना चवताळून उठली. तिनं सभासदांकडून २५-२५ डॉलर वर्गणी काढली, प्रचारासाठी कॅलिफोर्नियातली एक कंपनी नेमली आणि ‘सोशलाइज्ड मेडिसिन’, म्हणजे समाजवादी पद्धतीची सरकारी वैद्यकसेवा, हा शब्द घरोघर पोहोचवला. शीतयुद्धाच्या दिवसांत तो जवळजवळ शिवीच होता. माझ्या मते मात्र खरा घात आणखी एका गोष्टीनं केला: बलाढ्य कामगार संघटनांनी तोवर मालकांशी करार करून आपापला विमा मिळवायला सुरुवात केली होती. ज्यांचा आवाज मोठा, त्यांची निकड संपली.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६५ वर्षांपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी राज्यांमार्फत मेडिकेड हे सरकारी विमे आणले. सही करायला ते मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी, मिझुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांच्याच हातात ठेवलं. मधले राहिले ते राहिलेच.

१९८६ चा कायदा सांगतो की तातडीच्या विभागात आलेल्याला पैसे विचारून परत पाठवता येणार नाही, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागेल. ‘अमेरिकेत उपचारावाचून कुणी राहत नाही’ म्हणणारे याच कायद्याकडे बोट दाखवतात. पण हृदयविकाराचा झटका थोपवला की कायद्याचं काम संपलं. पुढच्या महिन्याची औषधं त्यात नाहीत, आणि बिल तर घरी येतंच.

सर्वांना विमा देण्याचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा प्रयत्न १९९४ मध्ये बारगळला. मग वाद आकड्यांवर आला. २००९ साली विमा नसलेल्यांचा ‘४ कोटी ६० लाख’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. विरोधक तो सोलायला बसले: यातले इतके परदेशी नागरिक, इतके मेडिकेडला पात्र असून अर्ज न केलेले, इतके धडधाकट तरुण. सप्टेंबरात ओबामा संसदेपुढे उभे राहिले तेव्हा ते ‘३ कोटींहून अधिक अमेरिकन नागरिक’ असं म्हणाले. त्याच भाषणात, बेकायदा स्थलांतरितांना या योजनेचा लाभ नाही असं ते सांगत असताना एक खासदार “खोटं बोलताय!” म्हणून ओरडला.

२०१० मध्ये ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा झाला. जुना आजार असलेल्याला विमा नाकारणं बंद झालं. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातला मेडिकेडचा विस्तार, म्हणजे आणखी गरीब प्रौढांना त्यात घेणं, राज्यांच्या मर्जीवर सोडला, आणि त्यातून एक विचित्र फट पडली. टेक्सासचं उदाहरण घ्या. २०२५ च्या विम्यासाठी हप्त्यावरची सवलत एकट्या माणसाला वर्षाला १५,०६० डॉलर कमाईपासून पुढे. त्याखालच्यांना मेडिकेड मिळेल असं कायदा लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. टेक्सासनं विस्तार नाकारला. तिथे मूलबाळ नसलेला धडधाकट कामगार १६,००० कमावत असेल तर त्याला मदत, १२,००० कमावत असेल तर काहीच नाही. गरिबी वाढली की मदत बंद.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या लोकांना या गाठीचा ताण वेगळ्या रीतीनं कळतो. नोकरी गेली की देशात राहायला साधारण ६० दिवस, आणि विमा चालू ठेवायचा तर मालकाच्या वाट्यासकट पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के.

हप्त्यावरची २०२१ मध्ये वाढवलेली सवलत २०२५ अखेरपर्यंतच होती. ती चालू ठेवावी की नाही यावरून त्या वर्षी सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं. त्याआधी, ४ जुलैला सही झालेल्या कायद्यानुसार विस्तारित मेडिकेडमधल्या बहुतेक प्रौढांना जानेवारी २०२७ पासून महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल. नोकरीत विमा मिळत नाही म्हणूनच यातले बरेच जण मेडिकेडकडे आले होते.