सायन्स कम्युनिकेशनची डिग्री, आणि तिच्या आधीची मुंबई

भाचीने टीवायनंतर सायन्स कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स करायचं काढलं तेव्हा आमच्या ताईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मास मीडिया का?" आणि दुसरा, "मग तीन वर्षं केमिस्ट्री कशाला घेतलीस?" भाची म्हणाली मामा तूच समजाव. मी समजवायला बसलो आणि लक्षात आलं की नुसतं "विज्ञान सोपं करून सांगणं" असं म्हटलं तर ताईचंच बरोबर ठरतं, त्यासाठी कशाला हवी डिग्री, आपल्याकडे हे काम लोक पावणेदोनशे वर्षं ऑफिस सांभाळून करतायत. म्हणून ही थोडी मागची गोष्ट.

मुंबईपुरतं बोलायचं तर सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांपासून. दर्पण १८३२चं, ते सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं, पण १८४०मध्ये त्यांनी दिग्दर्शन नावाचं मासिक काढलं आणि त्यात भूगोल, पदार्थविज्ञान असले विषय मराठीत यायला लागले, हे फार कोणी सांगत नाही. मग १८४८मध्ये एल्फिन्स्टनच्या पोरांनी आणि मास्तरांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, दादाभाई नौरोजी त्यातलेच, आणि तिच्या मराठी शाखेतून १८५०ला मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक सुरू झालं. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८५७चं, आणि विज्ञान लोकांच्या भाषेत सांगायचा खटाटोप त्याच्याही आधीचा. या सगळ्यांचा एक समज मात्र पक्का होता, की लोकांना माहिती नाही, ती दिली की झालं. तेव्हा ते स्वाभाविकच होतं म्हणा.

तो समज मुंबईतच आपटला, १८९६मध्ये. सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा पहिला रुग्ण सापडला, आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन कलकत्त्याहून इथे आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत कामाला बसले आणि तीनेक महिन्यांत लस तयार, १० जानेवारी १८९७ला पहिली स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी. विज्ञान म्हणून हे जबरदस्तच आहे. पण त्याच ऑक्टोबरात, २९ तारखेला, हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले, कारण शहरभर बोललं जात होतं की तिथे नेलेला माणूस परत येत नाही. आणि खरं सांगायचं तर फारसे येतही नव्हते, प्लेगला तेव्हा औषधच नव्हतं. वर घरात पथकं घुसायची, आजारी माणसाला उचलून न्यायची, सामान जाळायची, बायकांना परक्या पुरुषांसमोर उभं करायची. मार्च १८९८मध्ये एका आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला विणकरांनी अडवलं आणि दंगल झाली.

सरकारी कागदांत याचं कारण अज्ञान आणि अफवा. पण जरा कामगाराच्या बाजूने बघा ना, ज्याच्या खोलीत शिरून बायको उचलून नेली जाते तो उद्या त्याच लोकांनी आणलेली सुई दंडात का टोचून घेईल? त्याला जंतू म्हणजे काय हे कितीही छान मराठीत समजावलं असतं तरी काय फरक पडणार होता? त्याचा प्रश्न जंतूचा नव्हताच, भरवशाचा होता. मला विचाराल तर सायन्स कम्युनिकेशनच्या अख्ख्या अभ्यासक्रमाचं पहिलं लेक्चर आर्थर रोडवर होऊन गेलं, फक्त नोट्स कोणी घेतल्या नाहीत.

नोट्स घेतल्या गेल्या नव्वद-शंभर वर्षांनी, आणि त्याही इंग्लंडात. तिथे फॅरेडेच्या काळापासून, म्हणजे १८२५पासून, रॉयल इन्स्टिट्यूशनची ख्रिसमस लेक्चर्स चालू होती, थोडक्यात आपल्या ज्ञानप्रसारकवाल्यांचीच लाइन. १९८५मध्ये रॉयल सोसायटीने बॉडमर समितीचा रिपोर्ट काढला, की जनतेला विज्ञान समजत नाही, शास्त्रज्ञांनी बाहेर पडून बोललं पाहिजे, ते त्यांचं कर्तव्यच आहे. युनिव्हर्सिटीतले कोर्सेस याच सुमाराचे. ऑस्ट्रेलियात नॅशनल युनिव्हर्सिटीने १९८८ला डिप्लोमा सुरू केला ज्यात मुलं सायन्स सर्कस नावाचा ट्रक घेऊन गावोगाव फिरतात (हे वाचून भाचीचे डोळे चमकले होते), आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने १९९१ला एमएस्सी.

पण कोर्सेस सुरू होतायत तोवर दुसरीकडे वेगळंच चाललेलं. १९८६ला चेर्नोबिल झालं, त्याचा किरणोत्सारी पाऊस इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियाच्या डोंगरांवर पडला, आणि मेंढ्या विकायला बंदी आली. शास्त्रज्ञ म्हणाले तीनेक आठवडे थांबा, पावसातलं किरणोत्सारी सीझियम मातीत अडकून बसेल. नाही बसलं. त्यांचं गणित चिकणमातीचं होतं आणि डोंगरावरची माती वेगळी, आंबट, पाणथळ, तिच्यातून सीझियम परत गवतात आणि गवतातून मेंढीत. मेंढ्या खाली दरीत चारा म्हणाले, तर धनगर म्हणाले की दरीतलं गवत चार दिवसांत संपेल, मग वर्षभर काय घालू. कोणी ऐकलं नाही. तीन आठवड्यांची ती बंदी शेवटच्या शेतांवरून उठली २०१२मध्ये! ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने त्या मेंढपाळांशी बोलून हे सगळं मांडलं, आणि 'लोक म्हणजे रिकामं भांडं, वरून माहिती ओता' या समजुतीला अभ्यासात डेफिसिट मॉडेल असं नाव आहे. त्या समजुतीवरची टीका सांगायची तर आज कुठल्याही कोर्समध्ये या मेंढ्या येतातच. ताईला मी हेच सांगितलं, की बोलायला शिकवतात ते अर्धंच, उरलेलं अर्धं समोरचा का ऐकत नाहीये आणि त्याला आपल्याला माहीत नसलेलं काय माहीत आहे हे बघायला शिकवतात. मास मीडियात बातमी करायला शिकवतील, मातीचं कोण शिकवणार?

इकडे आपल्याकडे काय चालू होतं तर हौस. पण हौस या शब्दाला हसू नका. १९६६मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, म. ना. गोगटे आणि मंडळी, सगळे नोकरीधंदा सांभाळणारे लोक. टाइम्सवाल्यांचं सायन्स टुडे इंग्रजीत त्याच वर्षी निघालं. परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा असायची, १९७४ला त्यात नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा माणसाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तो निघाला जयंत नारळीकर. तेव्हा ते कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत होते, नावाची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. एवढा मोठा माणूस, पण कथा आपल्या गुणावर निवडली जावी म्हणून हा सगळा उपद्व्याप, मला हे फार आवडतं.

त्याच वर्षी टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. आज ते मानखुर्दला झाडीत आहे पण आधी ते नाना चौकातल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत होतं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या लोकांनी तिथे एक साधा प्रश्न धरला: मुलाला विज्ञान जड जातं की पुस्तकातली मराठी? चाळीत-झोपडपट्टीत राहणारं पोर घरी जी भाषा बोलतं ती पुस्तकात कुठेच नाही, मग भाषा सोपी करून बघू. माझ्या मते मुंबईत या विषयाचा खरा अभ्यास, म्हणजे तपासून बघणं, मोजणं, इथून सुरू होतो. तिथे सायन्स एज्युकेशनमध्ये पीएचडी होते, हे भाचीला माहीत नव्हतं, मानखुर्दवरून रोज ट्रेनने जाते बिचारी.

सरकार जागं झालं ऐंशीच्या दशकात. १९७६ला घटनेत वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आलं होतं, पण १६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणाला मुंबईचे रस्ते ओस पडले होते, आणि दूरदर्शनने दुपारी पिक्चर लावला की लोक घरातच राहावेत. आमची आई सांगते, खिडक्या बंद, पाण्यात तुळशीचं पान आणि सगळे टीव्हीसमोर. मग १९८२ला दिल्लीत विज्ञान तंत्रज्ञान विभागाखाली लोकांपर्यंत विज्ञान न्यायला एनसीएसटीसी ही संस्था आली, १९८५ला वरळीचं नेहरू सायन्स सेंटर लोकांसाठी उघडलं, १९८७पासून २८ फेब्रुवारी विज्ञान दिन, १९८९ला विज्ञान प्रसार नावाची सरकारी संस्था. १९९५च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीत पुन्हा ग्रहण आलं तेव्हा फिल्टरचे चष्मे वाटले गेले, दूरदर्शनने ग्रहण लाइव्ह दाखवलं, आणि तीच आई गच्चीवर चष्मा लावून उभी होती. (पाण्यात तुळशीचं पान तेव्हाही टाकलंच होतं. विन साहेबांना हे आवडलं असतं.)

हे काम करायला माणसं लागतात म्हणून विद्यापीठांत कोर्सेस आले, लखनऊला, इंदूरला, कोलकात्याला सायन्स म्युझियमवाल्यांचा बिट्स पिलानीबरोबर. त्यात चढउतार भरपूर, फंड आला की वर्ग भरतो. विज्ञान प्रसार तर २०२३मध्ये बंदच झालं. दुसऱ्या बाजूने २०१८ला अवसर नावाची स्पर्धा सुरू झाली, पीएचडी करणाऱ्यांनी आपलं संशोधन साध्या भाषेत लिहायचं. मुंबईत मात्र मी ज्यांना ओळखतो ते बहुतेक आडवाटेने आलेले, कोणी बीएस्सीनंतर पत्रकारितेत गेला, कोणी सायन्स सेंटरला गॅलरीत मुलांना प्रयोग दाखवता दाखवता शिकली, कोणी लॅब सोडून लिहायला लागलं.

भाचीला मी जुहूला पृथ्वी थिएटरला घेऊन गेलो होतो, टीआयएफआरवाले २००९पासून तिथे रविवारी सकाळी चाय अँड व्हाय करतात, रुपारेललाही होतं. शास्त्रज्ञ बोलत असतानाच लोक मध्ये प्रश्न विचारतात. आमच्या पुढे बसलेल्या एका सात-आठ वर्षांच्या पोराने चार वेळा हात वर केला आणि बोलणारा चारही वेळा थांबला. येताना भाची म्हणाली, मामा, तो जे थांबत होता ना, ते कुठल्या पेपरला येतं?

सध्या ती फॉर्म भरतेय. ताईने केमिस्ट्रीचा विषय काढणं सोडलंय, आता फक्त होस्टेलची फी विचारते.