मुंबईतल्या समकालीन कलेच्या गॅलऱ्या आणि संग्रह

मुंबईत समकालीन कला बघायची तर बहुतेक सगळं दक्षिण टोकाला, म्हणजे काळा घोडा, फोर्ट आणि कुलाबा या चालत फिरता येईल एवढ्या पट्ट्यात आहे. समकालीन हा शब्द इथे सैल अर्थाने वापरतात, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईतल्या कलावंतांच्या गटातले सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे खरं तर आधुनिक म्हणायला हवेत, पण गॅलऱ्यांमध्ये ते आणि आजचे व्हिडिओ-इन्स्टॉलेशनवाले (व्हिडिओ आणि वस्तूंची मांडणी हीच कलाकृती करणारे) एकाच छताखाली नांदतात.

पहिली गॅलरी कुठली यावर बरीच मतं आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, प्रोग्रेसिव्हांचं १९४९ चं प्रदर्शनही रामपार्ट रोवरच्या तिच्याच सलोनमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या दालनात भरलं, पण ती कलावंतांची संस्था, वार्षिक प्रदर्शन भरवणारी. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले, वास्तुकार दुर्गा बाजपेयी यांनी इमारत केली, आणि यामागे चित्रकार के. के. हेब्बर व शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता असं मानलं जातं. मात्र जहांगीर म्हणजे भाड्याने मिळणारा हॉल, चित्रकाराने अर्ज करायचा, नंबर लागायची वाट बघायची (ती काही वर्षांची असते) आणि मंगळवार ते सोमवार असा एक आठवडा घ्यायचा. विशिष्ट चित्रकारांच्या मागे सातत्याने उभं राहणारी, त्यांची चित्रं विकणारी गॅलरी असा अर्थ घेतला तर केमोल्ड आणि पंडोल ही दोन नावं येतात, दोन्ही १९६३ ची. केमोल्डचं साल काहीजण १९४१ धरतात, पण तेव्हा केकू गांधींनी सुरू केला तो फ्रेमचा धंदा, केमिकल आणि मोल्डिंग या दोन शब्दांवरूनच ते नाव आलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या फ्रेमच्या शोरूममध्ये तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात झाली आणि तिथूनच पुढे जहांगीरच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी उभी राहिली, म्हणून १९४१ ला बीज म्हणावं आणि गॅलरीचं साल १९६३ च धरावं हे जास्त पटतं. त्यांच्या पत्नी खोर्शेद गांधींचा वाटा यात केकूंइतकाच मोठा, तो नेहमी नीट सांगितला जात नाही. पुढे २००७ मध्ये गॅलरी फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला गेली.

या चित्रांना गिऱ्हाईक तयार होण्यात युरोपातून नाझींच्या काळात आलेल्या तिघांचा हात होता: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर.

संग्रहांमध्ये सगळ्यात विलक्षण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. तिचे संस्थापक होमी भाभांनी बांधकामाच्या बजेटमधला १ टक्का कलेसाठी राखून घेतला आणि शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चित्रं लावली, हुसेनचं मोठं भित्तिचित्र तिथेच आहे. एअर इंडियानेही जगभरातल्या बुकिंग ऑफिससाठी चित्रं घेतली. १९६७ मध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून अ‍ॅशट्रे करून घेतला आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं! एअर इंडियाचा हा संग्रह २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. त्या संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ पासून कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे, जुन्या सभागृहाच्या पोटात अर्धगोल मजले चढवलेत आणि वर जाताना एकच प्रदर्शन वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं. खासगी संग्रहांपैकी कापूस व्यापारी जहांगीर निकल्सन (१९१५–२००१) यांचा सुमारे ८०० कलाकृतींचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वतंत्र दालनात आहे, २०११ पासून. हे निकल्सन आणि आर्ट गॅलरीवाले जहांगीर वेगळे, गल्लत होते म्हणून सांगितलं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात २००८ च्या जीर्णोद्धारानंतर आजच्या कलावंतांना जुन्या कपाटांशेजारीच काम मांडायला बोलावतात, ते जरूर बघावं.

२००० नंतर कुलाब्यात गॅलऱ्या वाढल्या: चॅटर्जी अँड लाल, मिरचंदानी + स्टाइनरुके, जुन्या छापखान्यातली प्रोजेक्ट ८८, नंतर झवेरी कंटेम्पररी आणि ‘तर्क’ नावाची गॅलरी. पंडोल आता लिलावाकडे वळलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा कलामेळा पहिल्यांदा भरला. गॅलऱ्यांमध्ये आत जायला सहसा तिकीट नसतं आणि विकत घ्यायचं नसलं तरी बिनधास्त जाता येतं, संग्रहालयांना असतं. टाटा संस्थेत मात्र परवानगीशिवाय आत सोडत नाहीत.