खपणारी कादंबरी टिकत नाही?

‘जे फार खपते ते टिकत नाही’ हा समज मराठी वाचकांत इतका रुजला आहे की, एखाद्या कादंबरीच्या आवृत्त्या भराभर निघू लागल्या की ती अभिजात ठरणार नाही, असा निकाल अनेकदा ती न वाचताच दिला जातो. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नावातच हेतू उघड होता, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून, घरगुती बोलीत उलगडत जाते, त्यामुळे तिच्या केशवपनाचा प्रसंग आजही अंगावर येतो. करमणुकीच्या पानांत छापली गेल्याने तिचे काहीच बिघडले नाही. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ही १८३६-३७ मध्ये एका शिलिंगाच्या मासिक भागांतून घरोघरी पोहोचली होती.

याउलट मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’चे (१८५१) उदाहरण हटकून दिले जाते, कारण लेखकाच्या हयातीत ती दुर्लक्षित राहिली आणि विसाव्या शतकात वर आली. मात्र न खपलेल्या आणि नंतरही कोणी न उघडलेल्या पुस्तकांची नावे या चर्चेत येत नाहीत. येणार तरी कशी, ती कुणाला ठाऊकच नसतात.

अर्थात खप ही हमीही नव्हे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिढ्या पोसल्या, तरी त्या अभ्यासक्रमात क्वचितच शिरल्या. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) मात्र लोकप्रियही झाली आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.