मतदानाचा टक्का आणि गावाबाहेरची नावं

मतदान संपलं की संध्याकाळी टक्केवारी येते. ती कमी असली की लोक उदासीन आहेत, असं सर्रास म्हटलं जातं. सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावबद्दल किंवा सांगलीतल्या खानापूर-आटपाडीबद्दल असं बोलण्याआधी हा टक्का निघतो कसा, ते पाहिलं पाहिजे.

झालेल्या मतांना यादीतल्या नावांनी भागायचं, एवढंच ते गणित. यादीतला माणूस त्या दिवशी गावात होता का, हे त्यात कुठंच येत नाही. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगले आहेत. पाटण-जावळीतल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत माथाडी कामगार आहे. घर, शेत, जत्रा गावात. म्हणून यादीतलं नावही गावातच. समजा, यादीत १,००० नावं आहेत, त्यांतले २५० जण परगावी आहेत आणि गावात असलेल्यांपैकी ६०० जणांनी मत दिलं. कागदावर ६० टक्के. हजर असलेल्या ७५० जणांत मात्र हेच मतदान ८० टक्के होतं. त्यात वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली, तर टक्का आणखी खाली येतो. अशा गावाला उदासीन म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हेच परगावी गेलेले लोक ग्रामपंचायतीला गाड्या भरून येतात. असं का, याचं एक उत्तर अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या विचारात सापडतं. आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता किती आणि मत द्यायला जाण्याचा खटाटोप किती, याचा हिशोब माणूस नकळत करतो. लाखो मतदारांच्या लोकसभा मतदारसंघात ती शक्यता जवळपास शून्य. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मतदार काहीशे, निकाल कधी दोन-चार मतांनी लागतो, समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. तिथं एकेका मताला खरोखर वजन असतं. पण नुसत्या हिशोबावर जायचं म्हटलं, तर लोकसभेला कुणीच बाहेर पडायला नको. तरी २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के लोकांनी मत दिलं आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला सुमारे ६६ टक्के. म्हणजे हिशोबापलीकडचं काहीतरी माणसाला बूथपर्यंत आणतं.

ते काय, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००६ साली मोजलं गेलं. गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या संशोधकांच्या प्रयोगात सुमारे १,८०,००० घरं होती. काही घरांना पत्र गेलं: तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं होतं की नाही, ते इथं लिहिलंय, निवडणूक झाल्यावर पुन्हा कळवू. पत्र न मिळालेल्यांचं मतदान २९.७ टक्के झालं, शेजाऱ्यांची माहिती असलेलं पत्र मिळालेल्यांचं ३७.८ टक्के. कुणाला मत द्या, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. शेजाऱ्याला कळणार, असं सांगणाऱ्या एका पत्राने आठ टक्क्यांचा फरक पडला.

आपल्याकडे यासाठी पत्र लागत नाही. बूथमधला पोलिंग एजंट यादीवर खुणा करत असतो. दुपारी तीननंतर बाहेरच्या टेबलावर विचारणा सुरू होते, "खालच्या आळीतली किती राहिली?" मग कार्यकर्ता दारात उभा राहतो, "काकी, चला की, तुमचंच राहिलंय!" मत कुणाला दिलं हे गुप्त असतं, दिलं की नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक असतं.

मत कुणाला द्यायचं, हा कल कुठून येतो, हा मात्र वेगळा प्रश्न. त्याची पहिली घडण घरात होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या भागात पक्षाआधी गट येतो आणि गटाच्या मागे भावकी, सोसायटी, दूधसंघ, साखर कारखाना. पण नेता गेला की अख्खा गट त्याच्यामागे जातोच, असं नाही. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात साताऱ्यातून राष्ट्रवादीकडून लोकसभेवर निवडून आले, सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्याच श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले. २०२४ मध्ये सांगलीकरांनी दोन्ही आघाड्यांचे उमेदवार बाजूला ठेवून अपक्ष विशाल पाटील यांना लोकसभेत पाठवलं.

म्हणून गावाचा अभ्यास करायचा, तर नुसता टक्का पाहून भागणार नाही. यादी घेऊन आळीत बसावं आणि प्रत्येक नावापुढे लिहावं: गावात, मुंबईला, सासरी, वारले. वारलेल्यांची नावं काढायला फॉर्म ७ आहे, पत्ता बदललेल्यांसाठी फॉर्म ८. ही कामं निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच उरकता येतात.