कोळ्याच्या पेटीत आणखी माइट सोडायचे?

ग्वाल्हेरात मे महिन्यात लू सुटली की लश्कर भागातल्या घराघरांत कूलर घुमायला लागतो. माणसाला बरं वाटतं, पण त्याच खोलीत टॅरँट्युला (मोठा केसाळ कोळी) किंवा पैसा किडा पाळलेला असेल तर त्याच्या पेटीत अंथरलेली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वाळतच नाही. कोपऱ्यात अर्धवट खाल्लेला रातकिडा पडून राहतो, त्याला बुरशी येते आणि चार दिवसांत मातीवर पांढरे ठिपके चालू लागतात.

हे ठिपके म्हणजे माइट, अगदी बारीक आठ पायांचे जीव; जुन्या रव्या-पिठात होणाऱ्या माइटचेच भाऊबंद. बुरशी आणि उष्टं हेच त्यांचं खाणं, त्यामुळे थोडे दिसले म्हणून घाबरू नये. संख्या बेसुमार झाली की मात्र ते कोळ्याच्या तोंडाशी आणि पोटाखालच्या श्वासछिद्रांपाशी गोळा होतात. कात टाकताना उताणा पडलेला कोळी त्यांना झटकूही शकत नाही. फवारणीचा उपाय इथे आत्मघातकी, कारण कोळी आणि माइट दोघंही अष्टपाद वर्गातले. जे एकाला मारेल ते दुसऱ्यालाही भोवेल.

म्हणून परदेशातले पाळणारे पेटीत भक्षक माइट, म्हणजे या पांढऱ्या माइटना खाणारे दुसरे माइट, सोडतात. स्ट्रॅटिओलीलॅप्स सिमिटस ही त्यातली सर्वांत वापरातली जात. बरीच वर्षं ती हायपोॲस्पिस माइल्स या नावाने विकली गेली. मुळात हरितगृहांत, कुंड्यांतल्या बारीक माश्यांच्या अळ्या खायला ती वापरतात. तपकिरी, जेमतेम एक मिलिमीटरची, मातीच्या वरच्या थरात राहणारी. ओळखायची खूण म्हणजे चाल: पांढरे माइट रेंगाळतात, हे धावतात. सावजाला सुळ्यांसारख्या मुखांगांनी धरून आतला रस शोषतात. मोठ्या कोळ्याच्या वाटेला जात नाहीत.

पण आपल्याकडचं हवामान त्यांना फारसं मानवणारं नाही. विशीतलं तापमान त्यांना आवडतं. पंधरा अंशांच्या आसपास प्रजनन थंडावतं. ग्वाल्हेरची जानेवारीतली रात्र याच्या बरीच खाली जाते, आणि ४५ अंशांच्या दुपारी बंद पेटीत तर कोणीच टिकणार नाही. शिवाय असे जिवंत जीव परदेशातून आणायला प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ नुसार परवाना लागतो. कुणाच्या बॅगेतून मागवायची ही वस्तू नव्हे.

माझ्या मते आधी चिमटा हातात घ्यावा. उष्टं त्याच दिवशी काढावं, हवा खेळायला जाळीची झडप मोठी करावी, वरचा थर वाळू द्यावा. पैसा किड्याला मात्र ओल लागतेच, तिथे भक्षक माइट खरे उपयोगी. रातकिड्यांवरही नजर हवी. काही जातींच्या पांढऱ्या माइटची एक अवस्था तोंडाशिवायची असते. ती काही न खाता, किड्याच्या अंगाला चिकटून नव्या पेटीत पोचते.

सावज संपलं की भक्षक एकमेकांना खातात आणि कमी होत जातात, त्यांना वेचून काढावं लागत नाही. पेटीत बुरशी खायला स्प्रिंगटेल (मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव) सोडले असतील तर तेही त्यांच्या तावडीत सापडतात, म्हणून थोडे स्प्रिंगटेल आधीच वेगळ्या बरणीत काढून ठेवावेत.