रेजाँस म्हणजे घाट, तारीख नव्हे

परवा भाच्याचा मेसेज आला. तो सध्या फ्रान्समध्ये ग्रेनोबलला शिकतोय, तिकडे रविवारी गावोगावी माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात, त्याचा त्याला नाद लागलाय. "मामा, १८व्या शतकातला बुद्धिबळाचा रेजन्सी सेट मिळतोय, १८० युरो, घेऊ का? विकणारा काका म्हणतोय ओरिजिनल आहे." सोबत तीन फोटो, तिन्ही हललेले. मी लिहिलं, "घेऊ नको, आधी डबा उलटा कर आणि तळाचा फोटो पाठव." तर म्हणे, "सोंगट्या बघायच्या सोडून डबा कशाला?"

हा गोंधळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो.

फ्रान्सचे जुने लाकडी सेट ढोबळमानाने दोन घाटांचे, म्हणजे घडणींचे असतात. एक रेजाँस (भाच्याचा "रेजन्सी" तो हाच) आणि दुसरा फ्रेंच स्टॉन्टन, ज्याला लोक सरसकट लार्डी म्हणतात. स्टॉन्टन तुम्हाला माहितीच आहे, शाळेच्या स्पर्धेपासून वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत सगळीकडे तोच. राजावर क्रॉस, वजिराला दातेरी मुकुट, हत्ती म्हणजे बुरूज, घोडा म्हणजे घोड्याचं डोकं. १८४९ मध्ये नॅथॅनिएल कुकने लंडनमध्ये तो रजिस्टर केला, जॅक्स कंपनीने विकला, तेव्हाचा नावाजलेला खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याचं नाव लागलं, संपलं. यावर आणखी वेळ घालवत नाही.

रेजाँस दिसायला एकदम वेगळा. उंच, सडपातळ, कमरेत बारीक, सगळा लेथवरचा खेळ. राजावर सहसा क्रॉस नाही, वजिराला दातेरी मुकुट नाही, एकावर एक चकत्या, कंगोरे आणि गोळे चढवत नेलेले. घोडा तेवढा कोरलेला, कातीव दांड्याच्या वर इवलंसं मुंडकं. पटावर मांडले तर सुंदर दिसतात आणि ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळायला घेतले तर दुसऱ्या मिनिटाला निम्मे आडवे होतात. म्हणजे समोर ठेवल्यावर दोन्हींत गफलत व्हायचं खरं तर काही कारण नाही, आंधळासुद्धा हाताने चाचपून सांगेल.

मग गोंधळ कुठे? तर लोक घाट बरोबर ओळखतात आणि त्यावरून वय ठरवतात. रेजाँस दिसला की म्हातारा, स्टॉन्टन दिसला की कालचा. इथेच पैसे जातात.

हे नाव कुठून आलं ते बघा. चौदावा लुई १७१५ मध्ये गेला, पंधरावा लुई तेव्हा पाच वर्षांचं पोर, म्हणून ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप याने १७२३ पर्यंत कारभार पाहिला, ती रेजाँस. त्या काळावरून पॅरिसमध्ये पाले रोयाल राजवाड्याजवळच्या एका कॉफीहाउसला नाव पडलं, काफे द ला रेजाँस. तिथे पुढे बुद्धिबळातला दिग्गज फिलिदोर खेळला, दिदरो आणि रूसो हे विचारवंत येऊन बसायचे, १८४३ मध्ये स्टॉन्टनने तिथेच फ्रान्सच्या सेंत-आमाँला हरवलं, १८५८ मध्ये अमेरिकेचा मॉर्फी तिथे आठ जणांशी एकाच वेळी डोळ्यांनी पट न बघता खेळला, सहा जिंकला, दोन बरोबरीत सोडवले. आणि त्या कॉफीहाउसवरून या सोंगट्यांच्या घाटाला नाव पडलं. म्हणजे काळाचं नाव दुकानाला, दुकानाचं नाव सोंगटीला. दोन हात बदललेलं नाव आहे हे, त्यावरून १७१५ काढायचं म्हणजे गेल्या दिवाळीत घडवलेल्या पेशवाई नथीवरून दुसरा बाजीराव काढण्यासारखं आहे.

आणि हो, "रेजन्सी" लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. रेजन्सी इंग्लंडची, १८११ ते १८२०, तिचा या सेटशी काडीचा संबंध नाही. एका शब्दात देश चुकला आणि शतकही चुकलं, तरी विकणारा छातीठोकपणे लिहितो आणि घेणारा भारावून जातो.

आता मुद्दा. फ्रान्समध्ये ही कातकामं प्रामुख्याने जुरा भागात व्हायची, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतचा डोंगराळ मुलूख, हिवाळा लांबलचक, शेती बंद, म्हणून घरोघरी लेथ. सेंत-क्लोद हे तिथलं गाव तंबाखूच्या पाइपांसाठी प्रसिद्ध, मुआराँ-आँ-माँताञ खेळण्यांसाठी. लाकूड म्हणजे बॉक्सवुड, फ्रेंचमध्ये ब्युई, तिथल्या चुनखडीच्या उतारांवर आपसूक येणारं, अतिशय सावकाश वाढणारं, त्यामुळे घट्ट आणि जड, पण खोड बारीक. बारीक खोडातून बारीक सोंगटीच निघणार, रेजाँसची ती शिडशिडीत अंगकाठी मला तरी थोडी त्या झाडाचीच देणगी वाटते. तर या जुराच्या कातारींनी रेजाँस घाट १९व्या शतकात केला आणि विसाव्यातही करत राहिले, तिकडे स्टॉन्टन येऊन पन्नास-साठ वर्षं झाली तरी फ्रान्समधल्या कॅफेत आणि घरांत रेजाँसच हवा असायचा. म्हणजे कित्येक वर्षं दोन्ही घाट एकाच मुलखातून, एकाच लाकडातून बाहेर पडत होते. १९३० च्या आसपासचा रेजाँस आणि १९३० च्या आसपासचा फ्रेंच स्टॉन्टन ही सख्खी भावंडं आहेत, एकाने धोतर नेसलंय, एकाने पॅंट घातलीय, एवढाच फरक.

"पण हाताने केलेला आहे ना, मग जुनाच." हे दुसरं पालुपद. आठही प्यादी एका ओळीत लावा, डोळा पटाच्या पातळीवर आणा, माना एका रेषेत नसतील, एखादं जरा ठेंगणं, एखाद्याचा गोळा किंचित चपटा. हे खरं आहे, आणि बघायला मला फार आवडतं. पण त्यातून एवढंच कळतं की कातारीने नजरेने माप घेतलं. नजरेने माप घेणारे कातारी १८३० मध्ये होते तसे १९३० मध्येही होते. कसं केलं आणि कधी केलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि निम्म्या संग्राहकांना पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळाल्यासारखं वाटतं.

तसंच तळाच्या लंबगोलाचं. लाकूड सुकताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, त्यामुळे लेथवर अगदी गोल काढलेला तळ काही वर्षांनी किंचित लंबगोल होतो. माझ्याकडच्या एका रेजाँस राजाच्या तळाला व्हर्निअर लावला तर एकीकडे २९.८ मिलिमीटर, काटकोनात फिरवून २९.२. हे बघून मी पहिल्यांदा उड्या मारल्या होत्या. नंतर कळलं की ओलसर लाकडातून घाईत काढलेली सोंगटी दोन-चार वर्षांतही असाच रंग दाखवते. त्यामुळे तळ लंबगोल असला तर बरं वाटून घ्या, त्यावर शतक लिहू नका.

मग वय कळतं कशावरून? प्रामाणिकपणे सांगायचं तर ते खालून वर येत नाही, वरून खाली येतं. म्हणजे "इतका जुना आहे" हे सिद्ध करणं महाकठीण, "याच्या आधीचा असूच शकत नाही" हे सिद्ध करणं बरंच सोपं. म्हणून मी आधी डबा बघतो. सरकत्या झाकणाचा डबा, तळाला प्लायवुड असेल आणि डबा त्याच सेटचा असेल, तर अठरावं शतक तिथेच गारद, सेट विसाव्यातला धरून चाला. डब्यावर इंग्रजीत देशाचं नाव छापलेलं असेल तर निर्यातीचा माल, आणि अमेरिकेने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ते १८९१ पासून, तेव्हा साधारण त्याच्या नंतरचा. डबा मागाहून आलेला असू शकतो हे मान्य, पण सोंगट्या त्यात अगदी मापात बसत असतील आणि आतल्या बाजूला त्यांच्या तळांचे गोल डाग पडलेले असतील तर जोडी मूळचीच.

नंतर पॉलिश. सोंगटीच्या तळाच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, इअरबडला स्पिरिट लावून हलकेच घासा. पिवळट चिकट सुटलं तर लाखेचं पॉलिश. आपले सुतार यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात आणि गंमत म्हणजे त्यातली लाख पूर्वीपासून आपल्याच देशातून जगभर जायची, म्हणजे फ्रेंच राजाच्या अंगावरचा चकाकता कोट बहुधा इकडूनच गेलेला. स्पिरिटने हललं नाही आणि थिनरने सुटलं तर सेल्युलोज लॅकर, ते बाजारात पसरलं १९२० च्या दशकात. ते मूळचं असेल तर सेटही त्यानंतरचा, मग घाट रेजाँस असो नाहीतर तुमच्या आजोबांचा. आता लाखेचं पॉलिश निघालं म्हणजे जुना का? नाही! लाख नंतरही कितीतरी वर्षं वापरात होती. मघाशी म्हटलं तेच, पुरावा एकाच दिशेने चालतो.

आणि कृपा करून जुना सेट घरी आणल्यावर पॉलिश पेपर मारू नका, नवं हिरवं फेल्ट चिकटवू नका. तळ उघडा असेल तर त्यावर लेथच्या वर्तुळाकार रेघा दिसतात, वाचण्यासारखं तेवढंच तर असतं, त्यावर फेविकॉल फासून कसला आनंद मिळतो कळत नाही.

उलट बाजूनेही फसवणूक होते, ती बिचाऱ्या स्टॉन्टनची. फ्रेंच स्टॉन्टनमधल्या उंटाकडे बघा. इंग्लिश उंट म्हणजे बिशप, त्याच्या डोक्यावर धर्मगुरूची टोपी, म्हणून तिरकी खाच. फ्रेंच त्याला फू म्हणतात, म्हणजे वेडा, दरबारातला विदूषक. शब्दाचं मूळ मात्र अरबी फील, हत्ती! म्हणजे आपला हत्ती प्रवास करत पॅरिसला पोचेपर्यंत वेडा झाला आणि लंडनला पोचेपर्यंत पाद्री, आपल्याकडे त्याच जागी उंट उभा, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. असो. फूला टोपी कसली आणि खाच कसली, त्यामुळे बऱ्याच फ्रेंच स्टॉन्टन सेटमध्ये उंटाचं डोकं साधं, गुळगुळीत, वर बारीक गोळा, खाच नाहीच. इंग्लिश सेट बघून तयार झालेली नजर म्हणते की उंट बदललेले आहेत, सेट जोडतोड आहे, किंवा स्वस्तातला नवा माल आहे. मी असाच एक फ्रेंच स्टॉन्टन सेट घेतला होता. घोडे अस्सल, लाकूड अस्सल, आणि चारही उंटांना खाच. पण खाचेच्या आत बॅटरी मारून बघितलं तर लाकूड कोरं पिवळं, बाहेर सगळीकडे मधासारखा गडद रंग चढलेला. आधीच्या कुठल्यातरी महाभागाने उंट "पूर्ण" करायला हॅकसॉ चालवली होती. एकाची खाच तर डावीकडे, बाकी तिघांची उजवीकडे.

लार्डी या नावाबद्दल दोनच वाक्यं. लार्डी हा एक कारखाना, शावे हा दुसरा, आणखीही होते, त्यामुळे डब्यावर शिक्का नसताना प्रत्येक फ्रेंच स्टॉन्टनला लार्डी म्हणणं म्हणजे प्रत्येक फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणणं, बोलताना चालतं, किंमत ठरवताना नाही. आणि काळी बाजू शिसमची असेल, तळात दाबून वजन भरलेलं असेल, तर तो सेट बहुधा अमृतसरचा आहे. तिथले कारागीर जुन्या युरोपियन घाटांच्या नकला अप्रतिम करतात, मी स्वतः खेळायला तसलाच वापरतो. माझा राग कारागिरावर नाही, त्याला चहाच्या पाण्यात बुडवून "फ्रेंच अँटिक" म्हणून विकणाऱ्यावर आहे.

तर भाच्याने शेवटी डबा उलटा केला. तळ प्लायवुडचा, एका कोपऱ्यात थर सुटून वर आलेले, आणि कडेला पुसट झालेलं इंग्रजीतलं "फ्रान्स". सोंगट्या मात्र सुरेख, बॉक्सवुडच्या, रेजाँस, डब्यात मापात बसणाऱ्या, एक काळं प्यादं कमी. मी म्हटलं, "दोन महायुद्धांच्या मधला असेल असं धर, चाळीसच्या वर जाऊ नको." काका पंचेचाळीसवर अडला, याने दिले. आता प्याद्याच्या जागी वाइनच्या बाटलीचं बूच ठेवून खेळतोय, आणि मला विचारतोय की सावंतवाडीच्या लेथवर तसलं एक प्यादं करून मिळेल का. मिळेल की. फक्त तळाला पेन्सिलने वर्ष लिहून घे म्हटलं.